वाचकांचे प्रश्न : सुषिरवाद्यांसाठी परदेशी लाकूड

प्रश्न : क्लॅरिनेटचं बॅरल (मुखनळीखालचा आखूड नळीसारखा भाग) आफ्रिकन ब्लॅकवूडमध्ये कातायचं आहे. लाकूड आणताना कोणते कागद लागतात? आणि मिळालेला तुकडा खरा कसा ओळखायचा? (मिरज)

आफ्रिकन ब्लॅकवूड म्हणजे टांझानिया-मोझांबिककडचं म्पिंगो. आपल्या शिसवाचंच भावंड, कारण दोन्ही डाल्बर्जिया कुळातली. २ जानेवारी २०१७ पासून हे जवळजवळ सगळं कूळ साइटिस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तयार वाद्यं आणि त्यांचे तयार भाग २६ नोव्हेंबर २०१९ पासून त्यातून सुटले, पण कच्चे ठोकळे सुटले नाहीत. परदेशातल्या भाच्याने बॅगेतून चार तुकडे आणले, तर त्यांना तयार वाद्याची सवलत मिळत नाही.

माल थेट आफ्रिकेतून येणार असेल तर तिथला साइटिस निर्यात परवाना मागा, युरोप-अमेरिकेतल्या व्यापाऱ्याकडून येणार असेल तर पुनर्निर्यातीचा दाखला. शिवाय फायटोसॅनिटरी, म्हणजे लाकडाला कीड-रोग नसल्याचं, प्रमाणपत्र लागतं. बिलावर नुसतं 'ब्लॅकवूड' नको, 'डाल्बर्जिया मेलानोझायलॉन' असं पूर्ण नाव हवं. टांझानियाच्या किलवा जिल्ह्यातल्या गावांनी राखलेल्या जंगलांना २००९ मध्ये एफएससी, म्हणजे जंगल जबाबदारीने राखल्याचं, प्रमाणपत्र मिळालं. तिथला माल मिळाला तर चार पैसे जास्त गेले तरी तोच घ्यावा. झाड कापण्याजोगं व्हायला सत्तर-ऐंशी वर्षं लागतात, आणि वेडंवाकडं खोड चिरल्यावर वाद्याच्या कामाचं लाकूड जेमतेम दहावा हिस्सा निघतं.

ओळखण्यासाठी तराजू पुरतो. ४५ × ४५ × ८० मिलिमीटरचा ठोकळा खऱ्या ब्लॅकवूडचा असेल तर सुमारे २०० ग्रॅम भरतो आणि पाण्यात बुडतो. तेवढाच वाळलेला शिसव १४० ग्रॅमच्या आसपास भरतो आणि तरंगतो, साग तर १०५ ग्रॅमच. ॲसिटोनच्या बोळ्याने पुसून 'रंग सुटला, म्हणजे नकली' असा निकाल देऊ नका, कारण खऱ्या लाकडातूनही जांभळट-काळा रंग सुटतो. त्याऐवजी टोकाकडून एक पातळ चकती कापा. आतून फिकट निघाली तर बाहेरून रंगवलेलं लाकूड आहे.

पहिलं बॅरल मात्र शिसवाचं करा. आकार आणि पोकळीचं माप चुकतं ते पहिल्या दोन नगांतच, आणि ती चूक महागड्या लाकडात कशाला?

प्रश्न : मेणात बुडवलेला परदेशी ठोकळा आला तसा लेथवर घेऊन पूर्ण कातला. आठ दिवसांत टोकापासून चीर गेली. लाकूडच खराब होतं का? (रत्नागिरी)

लाकूड बहुधा चांगलं होतं, ओलं होतं इतकंच. व्यापारी सगळ्या बाजूंनी मेण लावतात ते वाटेत तडकू नये म्हणून. वाळलं आहे, असा त्याचा अर्थ नाही. लाकूड आकसतं ते घेराच्या दिशेने जास्त आणि केंद्राकडे कमी. वरचा थर आधी वाळून आवळतो, आतला अजून फुगलेला असतो, म्हणून फाटतं. ठोकळ्यात खोडाचा मधला बिंदू आला असेल तर चीर जवळजवळ ठरलेलीच, तेव्हा असा ठोकळा घेऊच नका. फिकट पिवळी कडही काढून टाका.

पुढच्या वेळी चार बाजूंचं मेण खरवडा आणि दोन्ही टोकांचं तसंच ठेवा. वजन करून ठोकळ्यावर तारीख घाला. पंख्याच्या झोतात किंवा पत्र्याखाली न ठेवता सावलीत, फळीवर ठेवा. दर महिन्याला वजन करा. ओल टक्क्यांत हवी असेल तर त्याच लाकडाचा छोटा तुकडा १०३ अंश सेल्सिअसला, वजन घटायचं थांबेपर्यंत ओव्हनमध्ये ठेवा. ११२ ग्रॅमचा १०० झाला, तर ओल १२ टक्के. आठ ते बारा टक्के चालेल.

वजन स्थिरावलं की बाहेरून ३-४ मिलिमीटर जास्त ठेवून गोल काता आणि मधोमध ८ मिलिमीटरचं भोक पाडा. टोकांना पुन्हा मेण लावा आणि किमान तीन महिने, शक्य तर सहा महिने विसरून जा. आता लाकूड आतून-बाहेरून सारखं वाळतं आणि त्यातला ताण निघून जातो. मगच दोन-तीन फेऱ्यांत रीमरने (भोक रुंदावून गुळगुळीत करणाऱ्या हत्याराने) १५ मिलिमीटरच्या आसपासचं अंतिम माप गाठा.

भोक पाडताना काम फिरतं आणि ड्रिल स्थिर, अशी मांडणी ठेवा. नाहीतर भोक एका अंगाला पळतं. दर पाच-सहा मिलिमीटरला ड्रिल बाहेर काढून भुसा साफ करा. या लाकडात राळ भरपूर असते. ती तापून मऊ झाली की भुसा ड्रिलच्या खाचेत चिकटतो, घर्षण वाढतं आणि आतून बारीक भेगा पडतात. गोडसर वास तीव्र झाला किंवा धूर दिसला, तर थांबून ड्रिलला धार लावा.

कोकणात एक गोष्ट आणखी. पावसाळ्यातल्या ८० टक्के आर्द्रतेत लाकूड सोळा टक्क्यांच्या आसपास ओल धरून बसतं. नागपूरच्या मे महिन्यात ते पाच टक्क्यांकडे घसरतं. अंतिम माप पावसाळ्यात काढू नका.

प्रश्न : कोकोबोलो लाकूड कातायला लागून तीन आठवडे झाले. आता पापण्या सुजतात, मनगटावर पुरळ उठतं. कापडी मास्क लावतो. शिसवाकडे वळलो तर थांबेल का? (पुणे)

थांबेल असं धरून चालू नका. कोकोबोलोही डाल्बर्जियाच, आणि या कुळातल्या लाकडांत क्विनोन गटाची रसायनं असतात. त्वचा एकदा त्यांना बिथरली की सहसा कायमची बिथरते, आणि एकाची ॲलर्जी दुसऱ्यालाही लागू पडू शकते. पहिले काही दिवस काहीच होत नाही, म्हणून माणूस बेसावध राहतो. घामाने ही रसायनं त्वचेवर विरघळतात, त्यामुळे उन्हाळ्यात त्रास वाढतो.

काम आजच थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. लाकडाचा भुसा स्वतःच दंडावर बांधून 'टेस्ट' करू नका, त्यानेच नवी ॲलर्जी जडू शकते. श्वास लागत असेल, छातीत घरघर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पुन्हा या लाकडांना हात लावायचा की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. ज्यांना अजून त्रास नाही, त्यांनीही हे पाळावं. कापडी मास्क निरुपयोगी आहे. किमान एन-९५, रोजचं काम असेल तर पी-३ फिल्टरचा रबरी मास्क हवा. दाढी असेल तर तोही कडेने गळतो. धूळ उडाल्यावर गाळण्यापेक्षा उगमाशी ओढणं महत्त्वाचं, म्हणून शोषणनळीचं तोंड हत्याराच्या अगदी जवळ ठेवा. व्हॅक्यूमला हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा) फिल्टर हवा. झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा दोन्ही बंद, पुसायचं ते ओल्या फडक्याने. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. नाकातल्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे.

सगळ्यात बारीक धूळ पॉलिशपेपरची. त्याआधी पोलादी स्क्रेपर चालवा, मग ३२० नंबरचा पेपर जवसाच्या तेलात भिजवून फिरवा. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. फिरत्या लेथवर हातमोजे कधीच नकोत, बोट ओढलं जातं. कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.

प्रश्न : अंगणातल्या कण्हेरीचं खोड सरळ आणि गुळगुळीत आहे. त्याची बासरी चालेल का? (सातारा)

नाही. कण्हेरीच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं आणि बासरी ओठाला लावायची असते. बांबू घ्या.