नवऱ्याला कसे सांगू?

फिजीच्या राजधानीत, सुव्हामध्ये, गरोदर स्त्रियांचे समुपदेशन करताना एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: "मी नवऱ्याशिवाय कोणाजवळ गेले नाही, मग हे मला झालेच कसे?" लाऊ बेटांवरून बाळंतपणासाठी मावशीकडे आलेल्या एका 23 वर्षांच्या स्त्रीनेही तेच विचारले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिला कसलाही त्रास नव्हता, तरीही तपासणीत क्लॅमिडिया, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणारा जिवाणूंचा संसर्ग, आढळला होता. नवरा मासेमारीच्या बोटीवर, महिनोन्‌महिने समुद्रात.

मी तिला प्रथम हे सांगितले की, बहुतेक स्त्रियांमध्ये या संसर्गाची लक्षणे दिसतच नाहीत आणि उपचार न झाल्यास तो कित्येक महिने शरीरात राहू शकतो. त्यामुळे तो कधी आला आणि कोणाकडून आला, हे या अहवालावरून ठरवता येत नाही. ती एकटीही नव्हती. 2004-05 मध्ये फिजीसह प्रशांत महासागरातील सहा देशांत झालेल्या पाहणीत सुमारे 18 टक्के गरोदर स्त्रियांना, आणि पंचविशीच्या आतील चौघींपैकी एकीहून अधिक जणींना, हा संसर्ग आढळला होता. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे लक्षणे पाहूनच औषध दिले जाते आणि अशा स्त्रिया नेमक्या सुटून जातात.

तिची खरी भीती मात्र गावाची होती. लहान बेटावर दवाखान्यातली नर्स नात्यातलीच निघते, म्हणून अनेकजणी तपासणीलाच जात नाहीत. ही भीती मला मुळीच अवास्तव वाटत नाही. शिवाय फिजी विमेन्स क्रायसिस सेंटरच्या राष्ट्रीय पाहणीत 64 टक्के स्त्रियांनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे नोंदले आहे, म्हणूनच "नवऱ्याला सांगा" असे म्हणण्याआधी "तो हात उगारतो का?" हे विचारणे मी माझे कर्तव्य मानते.

तो तसा नव्हता, पण शब्द तिला सापडत नव्हते. आम्ही ते मिळून ठरवले: "बाळाच्या तपासणीत दोघांनाही औषध घ्यायला सांगितले आहे." उपचाराविना प्रसूती झाल्यास बाळाला डोळ्यांचा संसर्ग किंवा न्यूमोनिया होऊ शकतो, हेही त्याला सांगायचे होते. गरोदरपणात सुरक्षित असलेली ॲझिथ्रोमायसिनची एक ग्रॅमची मात्रा तिने त्याच दिवशी घेतली. बोट बंदराला लागल्यावर नवराही आला, त्यानेही औषध घेतले, आणि त्यानंतर सात दिवस संबंध टाळायला दोघांनी होकार दिला. सिफिलीस आणि एचआयव्हीची तपासणी त्याने आपणहून करून घेतली. तिची फेरतपासणी चार आठवड्यांनी झाली, ती निर्दोष आली. तीन महिन्यांनंतरची तारीख तिने मागून घेतली.