वॉशिंग्टन डीसीजवळ कालवा आणि रेल्वेचं एखादं छोटं जुनं गाव आहे का? हार्पर्स फेरी बघून झालंय.

पॉइंट ऑफ रॉक्सला जा. मेरीलँडमधेच, पोटोमॅकच्या काठावर, गाडीने तासभर. पण हार्पर्स फेरीसारखी दुकानं, म्युझियम वगैरे शोधू नका, पहिल्यांदा गेलो तेव्हा बायको म्हणाली, "हे बघायला आणलंस?" म्हणून आधी गोष्ट सांगतो.

४ जुलै १८२८, एकाच दिवशी दोन कामांचा मुहूर्त. तिकडे बाल्टिमोरला बी अँड ओ (बाल्टिमोर अँड ओहायो) रेल्वेचा पहिला दगड बसला आणि इकडे डीसीजवळ प्रेसिडेंट जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सनी सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कालव्याची पहिली कुदळ मारली, ती नेमकी झाडाच्या मुळावर, शेवटी साहेबांनी कोट काढला तेव्हा कुठे माती निघाली. दोघांनाही जायचं होतं नदीच्या कडेकडेने पश्चिमेला, आणि इथे कॅटॉक्टिन डोंगर अगदी पाण्यापर्यंत उतरलाय. आपल्याला खंडाळ्याची सवय, त्यामुळे डोंगर किरकोळ वाटेल, पण प्रश्न उंचीचा नव्हताच, डोंगर आणि नदीच्या मधे चिंचोळी पट्टी होती, तिच्यात आधी कोण घुसणार हा होता. झालं, कोर्टबाजी. जानेवारी १८३२ मधे निकाल कालव्याच्या बाजूने, एप्रिलमधे रेल्वे इथवर आली आणि अडकून बसली. मग तडजोड झाली, आणि तिच्यात म्हणे इंजिन बघून कालव्यातल्या बोटी ओढणारी खेचरं बुजू नयेत म्हणून मधे कुंपण घालायची अटही होती! १८३४ मधे रेल्वे हार्पर्स फेरीला पोचली, १८४२ मधे आणखी पश्चिमेच्या कंबरलंडला. कालवा कोर्टात जिंकला खरा, पण कंबरलंडला पोचला १८५० मधे, आणि १९२४ च्या पुरानंतर बंदच पडला.

स्टेशन मात्र बघाच. १८७३ मधे डीसीहून थेट येणारी नवी लाइन इथे जुन्या लाइनला मिळाली आणि त्या बेचक्यातच ते बांधलंय, आर्किटेक्ट ई. फ्रान्सिस बाल्डविन. लाल विटा, गॉथिक धाटणी, उतरती छपरं, पुढे चार मजली टॉवर, एवढ्याशा गावाला चर्चसारखं स्टेशन! आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचं. मार्क ही मेरीलँडची लोकल ट्रेन थांबते पण ती ऑफिसवाल्यांची, शनिवार-रविवारी नसतेच, सो गाडीनेच जा.

मग कालव्याकडे उतरा आणि खेचरांच्या जुन्या वाटेवरून पश्चिमेला थोडं चाला. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला झाडोऱ्यात बुजलेला कालवा, त्याला खेटून रूळ आणि डोंगर पोखरून काढलेला बोगदा. ती पट्टी किती अरुंद आहे ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं, आणि मालगाडी आली तर बोलणंच थांबवावं लागतं. बायकोने शेवटी फोटो काढले ते इथलेच.