कंबोडियाच्या अनाथाश्रमात पंधरा दिवस: लेकीला पाठवावं का?

ताई, तुमच्या लेकीला बारावीनंतरच्या सुट्टीत कंबोडियाच्या अनाथाश्रमात पंधरा दिवस इंग्रजी शिकवायला जायचंय, एजन्सी त्याचे दीड लाख मागतेय आणि तुमचं मन होत नाहीये. माझं मत विचाराल तर कंबोडिया जरूर दाखवा, पण अनाथाश्रमात पाठवू नका.

तिथल्या अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक तरी, हयात असतात. युनिसेफ हे कितीतरी वर्षं सांगतंय. पर्यटक वाढले तसे आश्रमही वाढले, कारण मुलं दिसली की पाहुण्यांचा हात खिशात जातो. मग खेड्यातल्या गरीब आई-बापांना ‘पोर शिकेल, दोन वेळ जेवेल’ असं सांगून मुलं आणली जातात. ऑस्ट्रेलियाने 2018 साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना हाही तस्करीचाच प्रकार मानला. शिवाय दर पंधरा दिवसांनी नवी ताई येते, जीव लावते आणि निघून जाते. त्या लेकरांनी किती जणींना निरोप द्यायचा?

आणि मदतीच्या नावाखाली असं नुकसान काही परदेशातच होतं असं नाही. मी ठाण्याची. आमचा ग्रुप शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर जायचा. एका एप्रिलमध्ये आम्ही शाळेची भिंत रंगवली: सूर्य, पोपट, बाराखडी. भातसा, तानसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं याच तालुक्यात, पण उन्हाळ्यात पाड्यावर टँकरची वाट बघावी लागते. संध्याकाळी ब्रश धुवायला पाणी मागितलं. एका बाईने दोन हंडे आणून ठेवले. आम्ही ते ब्रशांवर ओतले. निळं-हिरवं पाणी मातीत मुरताना ती बघत राहिली. मग काही न बोलता रिकामे हंडे उचलले आणि परत विहिरीच्या वाटेला लागली. जाऊन-येऊन पाऊण तासाची खेप होती ती.

गुरुजी नंतर म्हणाले, “मॅडम, डिसेंबरात दुसरे लोक हीच भिंत रंगवून गेले.” नीट पाहिलं तर आमच्या पोपटाखालून त्यांच्या हत्तीची सोंड दिसत होती. शाळेला खरं तर पाण्याची टाकी हवी होती, म्हणजे टँकर आला की साठवता आलं असतं. आम्ही विचारलंच नव्हतं. पुढच्या वर्षी आधी विचारलं आणि टाकी बसवली.

एजन्सीला एवढंच विचारा: मुलांमध्ये सोडण्याआधी तुम्ही लेकीची पोलीस पडताळणी करणार का? अठरा वर्षांच्या अनोळखी मुलीला जे न विचारता आत घेतात, ते कुणालाही घेतात. आपल्याकडच्या एखाद्या बालगृहात जायचं झालं तरी बाल न्याय कायद्याखाली त्याची नोंदणी आहे ना, ते आधी बघा. आणि मुलांचे फोटो अजिबात टाकायचे नाहीत, त्यांची ओळख उघड करायला 2015 च्या त्या कायद्यात बंदी आहे.

कंबोडियाला पर्यटक म्हणून जा. अंगकोर वाटचं प्राचीन मंदिर बघा, तिथल्याच माणसाला गाइड घ्या, तिथल्याच घरगुती गेस्टहाउसमध्ये राहा. तो पैसा सरळ त्यांच्या हातात पडतो.

आणि लेकीला शिकवायचंच असेल तर मला मेसेज करू दे, गुरुजींशी गाठ घालून देते. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यामुळे ठाण्याहून पहाटेची कसारा लोकल धरून आसनगावला उतरायचं. मात्र जून ते मार्च, एकही शनिवार न चुकवता. तेवढं कबूल असेल तरच.