कंसातला १ कुठे गेला?

प्रश्न : १८क्ष³य² − १२क्ष²य³ + ६क्ष²य² चे अवयव मुलाने ६क्ष²य²(३क्ष − २य) असे काढले. शेवटचं पद पूर्ण बाहेर आलं, आत काही उरलंच नाही, असं तो म्हणतो. मग उत्तर चूक का?

उत्तर : मसावि त्याने अचूक काढला आहे. १८, १२ आणि ६ यांचा मसावि ६. क्ष आणि य तिन्ही पदांत आहेत आणि दोघांचाही सर्वांत लहान घातांक २. (‘महत्तम’ या शब्दामुळे बरीच मुलं मोठा घातांक उचलतात. पण क्ष² ला क्ष³ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून लहानच घ्यायचा.) घोळ पुढे झाला आहे. सामाईक अवयव बाहेर काढायचा म्हणजे प्रत्येक पदाला त्याने भागायचं. वजाबाकी करायची नाही. ६क्ष²य² ला ६क्ष²य² नेच भागलं की १ येतो, शून्य नव्हे. म्हणून उत्तर ६क्ष²य²(३क्ष − २य + १). मूळ बहुपदीत जितकी पदं, तितकीच कंसात हवीत. ती मोजायची सवय लागली, तर ही चूक पुन्हा होणार नाही.

पटत नसेल तर त्याला क्ष = २, य = ३ घालायला सांगा. मूळ बहुपदीची किंमत १२९६ − १२९६ + २१६, म्हणजे २१६ येते. त्याच्या उत्तराची ०. पडताळ्यासाठी १ मात्र घेऊ नका. एकाचा कोणताही घात एकच, त्यामुळे घातांकातली चूक झाकली जाते.

प्रश्न : २४क्ष⁴ − ३६क्ष³ = ६क्ष²(४क्ष² − ६क्ष). गुणाकार जुळतो, तरी अर्धेच गुण?

उत्तर : अवयव अपुरे आहेत. कंसात अजून २क्ष सामाईक आहे. सगळं खोडू नका. २क्ष बाहेर काढा आणि ६क्ष² ला त्याने गुणा : १२क्ष³(२क्ष − ३). ही उणीव किंमत घालून कधीच सापडत नाही, त्यासाठी कंसच पुन्हा तपासावा लागतो.

प्रश्न : −८क्ष² + २०क्ष मधून −४क्ष काढल्यावर दुसरं चिन्ह का बदलतं?

उत्तर : २०क्ष ÷ (−४क्ष) = −५, म्हणून −४क्ष(२क्ष − ५). ४क्ष(−२क्ष + ५) हेही बरोबरच आहे, पण कंसातलं पहिलं पद धन असलं की पुढची आकडेमोड सोपी जाते. क्ष(य − ३) − ५(३ − य) मध्ये हीच युक्ती लागते : (३ − य) चं −(य − ३) केलं की (य − ३)(क्ष + ५).