शिकायला परदेशी पाठवायचं, पण रान विकून?

"मॅडम, पाठवावं की नको, तेवढंच सांगा." गुरुजी खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले. जून २०२४ ची गोष्ट. गडहिंग्लज तालुक्यातलं कुटुंब. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आई घरी शिवणकाम करते, दोन एकर ऊस, थोरली मुलगी नुकतीच इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेली आणि धाकटा मुलगा अकरावीत. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सोबत मुलीचे मामाही होते. बोलायला सुरुवात त्यांनीच केली.

कोल्हापुरातल्या एका एजंटाने अमेरिकेतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणून दिलं होतं. दोन वर्षांचा खर्च ४० लाख. कर्ज खासगी वित्तसंस्थेकडून, तारण नाही, व्याज ११ टक्के. त्यातलं काही कमी पडलं तर रस्त्याकडेचा अर्धा एकर काढायचा, असं मामांचं मत. "शिकली की दोन वर्षांत फेडील की हो!" मुलगी मोबाइलचं कव्हर काढत-घालत बसली होती. आई माझ्याकडे बघत होती.

मुलांच्या शिक्षणाच्या खर्चाचा सल्ला देणं हे माझं काम, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. "इथं शिकवलं तर किती, तिथं शिकवलं तर किती?" असा दोन आकड्यांचा प्रश्न घेऊन माणसं येतात. मी आधी आकडे बाजूला ठेवते आणि एक कोरा कागद आडवा धरते. त्या दिवशीही तेच केलं.

कागदावर डावीकडून उजवीकडे वर्षं लिहिली, २०२४ ते २०३७. वरच्या ओळीत गुरुजींचं वय. तेव्हा ५२. निवृत्ती ५८ व्या वर्षी, म्हणजे २०३० ला एक उभी रेघ मारली. त्याखाली धाकट्याची ओळ: २०२६ ला बारावी, मग चार वर्षांचं शिक्षण. आणि सगळ्यात खाली अमेरिकेचं कर्ज. २० लाख आत्ता, २० लाख वर्षाने. दोन वर्षं शिक्षण आणि पुढचे सहा महिने हप्ता नाही, पण व्याज चालूच राहतं. ते साधं धरलं तरी ८ लाख ८० हजार होतं. म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा कर्ज ४८ लाख ८० हजारांचं. दहा वर्षांच्या मुदतीला महिना साधारण ६७ हजार.

ती रेघ मी २०२७ पासून ओढत नेली. २०३० ची निवृत्तीची रेघ ओलांडून ती पार २०३७ पर्यंत गेली. खोलीत कोणी बोललं नाही. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे मी पेन्शनीत आल्यावरसुद्धा सात वर्षं," ते म्हणाले.

मुलगी फेडेल हे खरंच. अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर एक वर्ष आणि वाढीव दोन वर्षं कामाची परवानगी मिळते, आणि नोकरी लागली तर ६७ हजार रुपये तिथल्या पगारातून निघतात. पण ती परवानगी संपल्यावर तिथं नोकरी करायला लागणारा एच-१बी व्हिसा सोडतीवर असतो. आणि नियम कर्जाच्या मुदतीइतके टिकत नाहीत. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं, ते आमच्यापैकी कोणाच्याच हिशेबात नव्हतं. म्हणून मी पालकांना एकच विचारते: सहा महिने नोकरी लागली नाही, तर हा हप्ता कुणाच्या पगारातून जाणार? उत्तरादाखल माणसाचं नाव येत नसेल आणि "बघू काहीतरी" येत असेल, तर ते कर्ज त्या घराला झेपणारं नाही. हे मी तोंडावर सांगते. पुष्कळांना राग येतो.

रानाचा विषय तिथंच निकालात काढला. शेतजमीन बँका शिक्षणकर्जाला सहसा तारण घेत नाहीत, कारण थकबाकीसाठी तारण जप्त करण्याचा जो २००२ चा सरफेसी कायदा आहे, तो शेतजमिनीला लागू होत नाही. बँकेला घर, बिगरशेती प्लॉट किंवा ठेव लागते. म्हणजे रान मध्ये आणायचं तर ते विकायचं किंवा सावकाराकडे जायचं. मामांना मी विचारलं, "तुमच्या गावात विकलेलं रान परत कुणी घेतलंय का?" ते गप्प झाले. माणूस वाईट नव्हता, भाचीवर जीव होता.

मग मुलीशी एकटीशी बोलले. पाच मिनिटं ती फक्त "हो मॅडम", "नाही मॅडम" करत होती. मग म्हणाली, "मॅडम, मला गेटला बरा स्कोअर आहे. घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पप्पांनी इथंच एम.टेक.ला घातलं असतं."

हे मी अनेक घरांत पाहिलंय. मुलं स्वस्त पर्याय लपवतात, कारण तो त्यांना दार बंद होण्यासारखा वाटतो. मी तिला सांगितलं, गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचा, स्कोअर तीन वर्षं चालतो. एम.टेक.ला त्यावर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, तेही दोन वर्षं. कधी ते हातात पडायला उशीर होतो, पण सरकारी संस्थेत हॉस्टेल आणि मेस धरूनही घरावर मोठा बोजा येत नाही. शिवाय आयआयटीत एम.टेक. करणाऱ्या काही मुलांना डाड या जर्मन संस्थेच्या शिष्यवृत्तीवर प्रबंधाचं काम जर्मनीत जाऊन करता येतं. म्हणजे इथलं दार उघडल्यानं तिथलं बंद होतंच असं नाही. तिला नक्की काय हवंय, हे तेव्हा तिने पहिल्यांदा सांगितलं. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. आणि जर्मनी. अमेरिका एजंटाची होती. प्रवेशामागे विद्यापीठाकडून तुम्हाला किती मिळतात, हे त्या एजंटाला कुणी विचारलंच नव्हतं. विचारावं. त्यात गैर काही नाही.

जर्मनीबद्दल तिचा एक समज होता, जो सगळ्यांचाच असतो: तिथं फी नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत नाही, हे खरं. पण तिच्या मनात होतं म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ, आणि तिथं नेमकी २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी सुरू झाली. पदव्युत्तरला सत्राला ४,००० ते ६,००० युरो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून सत्राला १,५०० युरो आहेतच. एकाच देशात राज्य बदललं की हिशेब बदलतो.

उलट गुरुजींचा समज दुसऱ्या टोकाचा होता. "मग ते दहा लाख कसले भरायचे?" ते आहे ब्लॉक्ड अकाउंट. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-जेवणाचे पैसे आधी एका खात्यात अडकवून ठेवायचे, आणि तिथं पोचल्यावर ते मुलीलाच दरमहा मिळतात. तेव्हा रक्कम ११,२०८ युरो होती. हे पैसे कुणी घेत नाही, ती मुलीच्या बारा महिन्यांची शिदोरी आहे. गुरुजींनी हे वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

पैसे कुठून, याची चौकशी आम्ही शिष्यवृत्तीपासून केली. गुरुजींचा पगार वर्षाला ८ लाखांच्या वर जातो, आणि तिथंच बरीच दारं लागतात. ज्यांचं उत्पन्न त्याखाली आहे त्यांनी मात्र कर्जाआधी इकडे बघावं, असं मला कळकळीने सांगायचंय. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे, मराठा विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सारथी संस्थेची आहे, ओबीसी आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्या-त्या विभागाच्या आहेत. जागा मोजक्या, आणि बहुतेक ठिकाणी विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत लागतं. एजंटाने दिलेलं विद्यापीठ या यादीत बसतच नाही आणि हे कळतं तेव्हा मुदत संपलेली असते, असं दरवर्षी होतं. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ ला डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांवर. कोणाच्या तरी मदतीवर शिकायला जाणं ही आपल्याकडे जुनी आणि मानाची गोष्ट आहे, त्यात कमीपणा मानू नका. जात-उत्पन्नाची अट नसलेली जे. एन. टाटा एंडाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्तीही आहे, ती तर १८९२ पासूनची.

इथंच शिकायचं ठरलं तर हिशेब आता आणखी सोपा झालाय. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमधल्या प्रवेशाला तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत. ही योजना देशातल्या शिक्षणालाच आहे.

तीन भेटींनंतर त्यांनी ठरवलं ते माझ्या सल्ल्याने नाही, कागदावरच्या रेघांनी. एक वर्ष थांबायचं. मुलगी चाकणला एका कंपनीत २८ हजारांवर लागली. जर्मनचा क्लास, आयईएलटीएस, एपीएस प्रमाणपत्राचे (जर्मनीसाठी आपल्या मार्कशीट तपासून मिळतं ते) १८ हजार, सगळं तिने पगारातून भरलं आणि दीड लाख मागे टाकले. आईला हे वर्ष जड गेलं. "मैत्रिणी गेल्या, ही मागं राहिली," असं शेजारणी बोलत होत्या.

थांबण्याची किंमत होती, ती लपवणार नाही. सप्टेंबर २०२४ ला अडकवायची रक्कम ११,९०४ युरो झाली. पहिल्या भेटीत नव्वदच्या आसपास असलेला युरो ती निघाली तेव्हा १०३ च्या घरात होता. १० लाखांचे सव्वाबारा लाख झाले. गुरुजींनी फोन करून म्हटलं, "मॅडम, आपलं चुकलं का?" मी म्हटलं, दोन लाख गेले हे खरं, पण वर्षाचा पगार आणि भाषा हातात आली, आणि कर्ज ४० लाखांचं राहिलं नाही. मला स्वतःला अजूनही वाटतं की सौदा बरोबर होता.

कर्ज १८ लाख मंजूर झालं. साडेसात लाखांच्या वर एरवी तारण मागतात, पण जर्मनीच्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यातलं तिचं विद्यापीठ सरकारी बँकेच्या विनातारण कर्जाच्या यादीत होतं. व्याज १० टक्के. उचलले फक्त १२ लाख. बाकीचे गरज पडली तरच. बारा लाखांवरचं महिना १० हजार व्याज गुरुजी आत्ताच पगारातून भरतात, म्हणजे ते मुद्दलात चढत नाही. बँकेत सही करताना मी त्यांना बजावलं होतं: सहकर्जदार म्हणजे साक्षीदार समजू नका, हप्ता तुमचाही आहे. कर्जातून पैसे बाहेर पाठवले की टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर) लागत नाही, हेही एप्रिल २०२५ पासून सोयीचं झालं. शिक्षणकर्जाच्या व्याजावरची आयकरातली सूट जुन्या करप्रणालीतच मिळते. गुरुजी न विचारता नव्यात गेले होते. ते दोन्ही मांडून बघा म्हटलं.

जानेवारी २०२६ मध्ये त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. आकडे युरोत. ऑक्टोबर: खोलीची अनामत ६८०, भाडं ३४०, विमा १४६, जेवण २१०. नोव्हेंबरला अनामत नाही, पण जाड कोट ११०. डिसेंबरच्या ओळीत "काम नाही" असं लिहून खाली "घरून २०,०००", हे मात्र रुपये. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण ते पोचल्या-पोचल्या मिळतंच असं नाही. आम्ही पहिले चार महिने शून्य कमाई धरून हिशेब केला होता. जानेवारीसमोर निळ्या शाईत: "प्रयोगशाळेत काम लागलं."

फोटोखाली एक ओळ होती. धाकट्याची बारावी आलीय मॅडम, सीईटीचं बघायचंय, कधी येऊ? मी लिहिलं, सोमवारी या, वही घेऊन या. आणि त्यालाही आणा, या वेळी आधी त्याच्याशी बोलते.