फाउंड्रीतल्या मॅनेजरनं आयआयएमचा छोटा कोर्स करावा का?

बेळगावच्या उद्यमबागेत, फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) प्रॉडक्शन सांभाळताय आणि आता मालक हिशोबाच्या मीटिंगला पण बसवतात म्हणालात, तर करा की, पण कुठला ते नीट बघून करा. आयआयएम बेंगळुरूचे मॅनेजरांसाठीचे छोटे प्रोग्राम साधारण तीन ते पाच दिवसांचे असतात, त्यात डिग्री नाही, फक्त सर्टिफिकेट, त्यामुळं एमबीए झाल्यासारखं कुणी सांगत असेल तर अजिबात ऐकू नका. तुमच्यासारख्यांना 'फायनान्स फॉर नॉन-फायनान्स' (म्हणजे फायनान्सबाहेरच्या लोकांसाठी हिशोब) टाइपचा कोर्स खरा उपयोगी, कास्टिंगचं कॉस्टिंग (ओतलेल्या मालाला खर्च किती पडतो ते), वर्किंग कॅपिटल (खेळतं भांडवल), बॅलन्स शीट (ताळेबंद), हे एकदा कळलं की मालकासमोर बोलायला बळ येतं बघा.

फी मात्र भारी असते आणि वर 18% जीएसटी, म्हणून शक्यतो कंपनीकडनंच भरून घ्या, खिशातनं घालू नका.

आणि त्याआधी स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर आयआयएम बेंगळुरूचेच मॅनेजमेंटचे कोर्स फुकट आहेत ते बघा, सर्टिफिकेट पाहिजे तरच परीक्षेची फी, शिफ्ट संपल्यावर घरी बसून होतंय. इंग्लिशची भीती असली तर व्हिडिओ थांबवून परत बघता येतो, वर्गात ते जमत नाही.