वाचकांचे प्रश्न: नवी कॅरव्हॅन शोमध्ये घ्यावी की जवळच्या डीलरकडे?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. चौघांसाठी पहिलीच नवी कॅरव्हॅन (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) घ्यायची आहे. बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रातल्या ऑक्टोबरच्या कॅरव्हॅन शोमध्ये एका डीलरने घराजवळच्या डीलरपेक्षा ९०० पौंड कमी भाव दिला. कॅरव्हॅन तीच, मॉडेलही तेच. पण त्या डीलरचं दुकान १८० मैलांवर आहे, घराजवळचा २० मैलांवर. कोणाकडून घ्यावी?

उत्तर: शोमध्ये कॅरव्हॅन बनवणाऱ्या कंपनीच्या स्टँडवर जे विक्रेते भेटतात ते बहुधा कंपनीचे नसतात, निरनिराळ्या गावांतल्या डीलरांचे असतात. पाटी कंपनीची असली तरी तुमचा करार होतो तो डीलरशी. म्हणून भावाची बोलणी सुरू होण्याआधी समोरच्याच्या बिल्ल्यावरचं डीलरचं नाव वाचावं आणि त्याचं वर्कशॉप कुठे आहे ते विचारावं. तुमच्या गावाजवळचा डीलर त्याच स्टँडवर असेल, तर शोचा भाव त्याच्याकडूनच मागता येतो.

वर्कशॉपचं अंतर महत्त्वाचं का? कॅरव्हॅन म्हणजे हातांनी जोडलेलं घर. रस्त्यावर हादरे खात चालणारं. पहिल्या वर्षी त्यात काही ना काही निघतंच: कपाटाची कडी बसत नाही, नळातला मायक्रोस्विच चालत नाही म्हणून पंप सुरू होत नाही, सिंकखालचा पाण्याचा जोड पाझरतो, छताच्या खिडकीचं सील नीट बसलेलं नसतं. यातलं बरंचसं वॉरंटीत बसतं, पण कॅरव्हॅन वर्कशॉपपर्यंत ओढून न्यायची तुम्हालाच. शिवाय डीलरला आधी फोटो पाठवून कंपनीची मंजुरी घ्यावी लागते आणि सुटा भाग यायला कित्येकदा आठवडे लागतात. म्हणजे एक फेरी सोडायला, दुसरी आणायला. १८० मैलांवर हे झाले ७२० मैल. अर्धं अंतर कॅरव्हॅन मागे असताना, म्हणून सरासरी ३० मैल प्रति गॅलन धरा. साधारण १०९ लिटर इंधन लागेल. लिटरला दीड पौंड धरला तर १६४ पौंड झाले. वर दोन दिवसांची रजा. अशा दोन दुरुस्त्या निघाल्या की ९०० पौंडांतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग इंधनातच जातो आणि सुटीचे चार दिवस संपतात.

‘वॉरंटी कंपनीची आहे, कुठलाही डीलर काम करेल’ असं शोमध्ये सांगितलं जातं. यावर भरवसा ठेवून सही करू नका. ज्याने कॅरव्हॅन विकली नाही तो डीलर काम घेण्यास नकार देऊ शकतो, आणि घेतलं तरी ऐन हंगामात आपल्या गिऱ्हाइकांना आधी वेळ देतो. लांबच्या डीलरकडूनच घ्यायची असेल तर घराजवळच्या एखाद्या मान्यताप्राप्त वर्कशॉपला फोन करा आणि ‘या कंपनीचं वॉरंटीचं काम दुसरीकडून घेतलेल्या कॅरव्हॅनवर कराल का’ याचं उत्तर ईमेलवर मागून घ्या.

आमचा सल्ला: शोचा लेखी भाव घेऊन जवळच्या डीलरकडे जा. तो पूर्ण ९०० कमी करणार नाही, पण बॅटरी, मूव्हर (गाडी न जोडता कॅरव्हॅन जागेवर हलवणारी मोटर) किंवा पहिलं सर्व्हिसिंग त्यात घालून देण्याची तयारी बहुतेक जण दाखवतात. फरक ३००-४०० पौंडांवर आला की जवळच्याकडूनच घ्या.

भाव ताडताना दोन्ही कागद शेजारी ठेवून प्रत्येक ओळ वाचा. कारखान्यापासूनची वाहतूक, विक्रीपूर्व तपासणी, बॅटरी, गॅसची टाकी, विजेची केबल, पाण्याचे डबे हे एकाने धरलेलं असतं, दुसऱ्याने नसतं. ‘डीलर स्पेशल’ म्हणून मिळणाऱ्या कॅरव्हॅनमध्ये अलॉय चाकं, सौर पॅनल, मायक्रोवेव्ह अशी भर मूळ मॉडेलवर घातलेली असते. व्यवहार म्हणून ती चांगली असते, पण त्या भरीचं वजन तुमच्या सामानाच्या वजनातून वजा होतं. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

शोचा खरा उपयोग निवडीसाठी आहे, कारण एका छताखाली सगळ्या रचना बघायला मिळतात. चौघांनी एकदम आत बसावं, पलंगावर आडवं व्हावं, रात्रीसाठी बिछाना स्वतःच्या हाताने मांडून पाहावा. शौचालयात बसून दार लावून बघावं. आपल्या घरांत रोज कुकर लागतो, तर शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह किंवा कपाट किती उंचीवर आहे ते टेपने मोजा. पाच लिटरच्या कुकरवर झाकण लावायला आणि शिट्टी उचलायला जागा राहते का ते पाहा. शेगडीजवळची खिडकी अ‍ॅक्रिलिकची असते, फोडणीच्या उष्णतेने ती खराब होते. शेगडी आणि खिडकी यांत अंतर असलेली रचना आपल्याला सोयीची.

प्रश्न: शोमधला विक्रेता म्हणतो, तुमची गाडी ही कॅरव्हॅन आरामात ओढेल. हे आपण स्वतः कसं तपासायचं?

उत्तर: विक्रेत्याच्या शब्दावर हे सोडू नका. दोन आकडे हवेत: कॅरव्हॅनचं भरलेल्या स्थितीतलं कमाल वजन (पाटीवर एमटीपीएलएम) आणि चालू स्थितीतलं रिकामं वजन (एमआयआरओ). समजा ते १,४९५ आणि १,३४५ किलो आहेत. दोहोंतला फरक, म्हणजे १५० किलो, हीच तुमची सामानाची मर्यादा. यातून मूव्हरचे सुमारे ३० किलो, बॅटरीचे २२ आणि हवेने फुगणाऱ्या ऑनिंगचे (कॅरव्हॅनला बाजूने जोडायच्या तंबूचे) २० गेले की उरतात ७८. त्यात चौघांचे कपडे, पांघरुणं, भांडी, किराणा, खुर्च्या, टेबल. बहुतेक कुटुंबं इथेच अडकतात आणि नकळत मर्यादा ओलांडतात. जादा वजनाने टायर फुटण्याचा आणि कॅरव्हॅन डोलण्याचा धोका वाढतो, शिवाय तो कायद्याने गुन्हा आहे. ऑनिंग गाडीत ठेवावं आणि जड वस्तू कॅरव्हॅनच्या आसावर, जमिनीलगत. कंपनी पाटीवरची मर्यादा थोडी वाढवून देत असेल तर ते काम सही करण्याआधीच करून घ्या.

गाडीच्या बाजूने नवशिक्यांसाठी प्रचलित सल्ला असा की कॅरव्हॅनचं भरलेलं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. १,७६० किलोच्या गाडीला १,४९६ किलो, म्हणजे वरचं उदाहरण जेमतेम बसतं. हा सल्ला आहे, कायदा नव्हे. पण गाडीच्या पाटीवरची ओढण्याची मर्यादा मात्र बंधनकारक आहे. विजेवरच्या काही गाड्यांना ओढण्याची परवानगीच नसते. हुकवर येणारा भार कॅरव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, आणि तो गाडीच्या टोबॉलची (मागच्या जोडणीच्या गोळ्याची) व कॅरव्हॅनच्या हिचची (त्या गोळ्यावर बसणाऱ्या जोडाची) मर्यादा, यांपैकी जी कमी असेल तिच्या आत बसला पाहिजे.

प्रश्न: शोमध्ये डिपॉझिट भरलं आणि घरी आल्यावर मन बदललं तर १४ दिवसांत पैसे परत मिळतात ना?

उत्तर: मिळतीलच असं धरून चालू नका. तो हक्क प्रामुख्याने फोनवरून, ऑनलाइन किंवा विक्रेत्याच्या जागेबाहेर झालेल्या करारांसाठी आहे. प्रदर्शनातला स्टँड हीच विक्रेत्याची जागा मानली जाऊ शकते. म्हणून डिपॉझिट कमीत कमी द्या आणि ऑर्डरवर लिहून घ्या: ‘गाडीला वजन जुळत नसल्यास, कर्ज मंजूर न झाल्यास किंवा ठरलेल्या तारखेला डिलिव्हरी न मिळाल्यास डिपॉझिट पूर्ण परत.’ तोंडी दिलेला शब्द पुढे कामाला येत नाही.

डिपॉझिट क्रेडिट कार्डाने भरण्याचा सल्ला मिळतो. त्यात तथ्य आहे, पण १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५ चं संरक्षण १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किंमत असलेल्या वस्तूलाच आहे. आजच्या अनेक नव्या कॅरव्हॅन त्याच्या वर जातात. त्यामुळे मुख्य आधार २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचा. कॅरव्हॅन सदोष निघाली तर ताब्यात घेतल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो सुरुवातीपासूनच होता असं मानलं जातं. तसं नव्हतं हे डीलरने सिद्ध करायचं. हा हक्क विकणाऱ्या डीलरकडे मागायचा असतो, कंपनीकडे नाही.

प्रश्न: इंग्लंडमध्ये २००८ साली कारचं लायसन्स काढलं. कॅरव्हॅनसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागेल का?

उत्तर: नाही. १६ डिसेंबर २०२१ पासून ब्रिटिश कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. भारतातून आलेल्यांनी लक्षात ठेवावं की भारतीय लायसन्सवर तिथे राहायला लागल्यापासून १२ महिनेच कार चालवता येते. कॅरव्हॅन मागे असताना मोटरवेवर ताशी ६० मैलांची मर्यादा आहे, आणि तीन किंवा जास्त लेन असतील तर सगळ्यात उजवीकडची लेन वापरता येत नाही.

प्रश्न: ताबा घेताना काय काय बघावं?

उत्तर: निदान दोन तास मागून घ्या, तेही दिवसाउजेडी. पाणी जोडायला लावा, सगळे नळ सोडा, मग टिश्यू पेपर घेऊन सिंकखाली, शॉवरजवळ आणि बॉयलरच्या जोडांवर फिरवा. ओल लगेच कळते. फ्रीज विजेवर आणि गॅसवर सुरू होतो का, हीटर पेटतो का, हे समोर करून दाखवायला सांगा. गाडीला जोडून सगळे दिवे तपासा. खिडकीच्या काचांवर कोरलेला १७ अंकी-अक्षरी क्रमांक चासिसशी आणि कागदांशी जुळला पाहिजे. ओल मोजणाऱ्या मीटरचे आकडे डीलरने नोंदवून द्यावेत. पाणी झिरपण्याविरुद्धची दीर्घ वॉरंटी टिकवायची तर दरवर्षी मान्यताप्राप्त वर्कशॉपमध्ये, ठरलेल्या मुदतीत सर्व्हिसिंग आणि ओल-तपासणी करावीच लागते, आणि पहिल्या दिवसाचा आकडा पुढे तुलनेला उपयोगी पडतो.

पहिली रात्र डीलरच्या जवळच्या कॅम्पसाइटवर काढा. जे बिघडेल ते दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या वर्कशॉपमध्ये दाखवता येतं. यादी करून ईमेलनेही पाठवा, म्हणजे तारीख नोंदवली जाते. आणि निघाल्यावर साधारण ३० मैलांनी थांबून चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासा. किती जोराने आवळायचे तो आकडा मार्गदर्शिकेत असतो. स्टीलच्या आणि अलॉय चाकांसाठी तो वेगळा असू शकतो.